हिरवा दिवा आणि सात मिनिटं

बाळांनो,

तुम्हाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी हे मी मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी मला चांगलं येतं. घाटकोपरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आणि पुढे एकतीस वर्षं मुलुंडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात इंग्रजी टाइप केलं. पण ती सगळी दुसऱ्यांची पत्रं होती. स्वतःच्या मनातलं असं त्या भाषेत मी एक पानही लिहिलेलं नाही. तुमचे बाबा हे तुम्हाला वाचून दाखवतील. म्हणजे त्यालाही ते मोठ्याने वाचावं लागेल. ते मी मुद्दाम केलं आहे.

तुम्ही दोघांनी आमच्या रोबोला ठेवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे, आणि ते नाव कानावर पडलं की तो असेल तिथून मान वळवून बघतो. आत्ता मी स्वयंपाकघरात आहे, दार लावून घेतलं आहे, आणि तो बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला उभा आहे. तरीही नको.

तो कसा आला ते तुम्हाला माहीत आहे. का आला ते कदाचित नीट माहीत नसेल. मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये पडले. डावं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं, आणि तेवढे दिवस तुमच्या आजोबांना इन्सुलिन द्यायला सकाळ-संध्याकाळ नर्स येत होती. आजोबांना काचबिंदू आहे. सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत, म्हणून अकरा वर्षं त्यांचं इंजेक्शन मीच देते. प्लास्टर निघालं, नर्स बंद केली. पण तुमचे बाबा घाबरले ते घाबरलेच. जानेवारीत दोन आठवड्यांसाठी एकटा आला तो एवढा मोठा खोका घेऊन.

खोक्यातून निघाला गुडघ्याएवढा पांढरा प्राणी. खाली तीन चाकं, वर वाटीएवढे दोन काळे डोळे, छातीवर एक छोटा दिवा. माणूस हलला की त्याच्यामागे मान फिरवायचा. आवाज तुम्ही निवडलेला, लहान मुलीसारखा गोड. पहिल्याच दिवशी आजोबांसमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "नमस्कार. आपण आज सकाळचे औषध घेतले आहे का?"

आजोबा म्हणाले, "हा काय पुण्याहून आलाय?"

आम्ही सगळे हसलो. मग रात्रीच्या जेवणानंतर तुमच्या बाबांनी आम्हाला समोर बसवलं.

"आई, मी जबरदस्ती करत नाहीये. पण मला तिकडे झोप लागत नाही ना यार. हा सहा महिने ठेवू. रोज मला रिपोर्ट येईल. सगळं नीट चाललंय असं दिसलं तर प्रश्नच नाही."

"आणि नाही दिसलं तर?" मी विचारलं.

त्याने फोनवर फोटो दाखवले. कर्जतच्या बाजूला वृद्धांसाठी एक जागा आहे. झाडं, हिरवळ, भिंतींना धरायला दांडे, सगळं छान. मी माझ्या सवयीने खालची बारीक अक्षरंही वाचली. ज्यांना रोज इंजेक्शन लागतं आणि दिसत नाही, अशांना तळमजल्यावर नर्सिंगमध्ये ठेवतात. बाकीच्यांना वरच्या मजल्यावर.

आजोबांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे तुला भेटायला मी लिफ्टने यायचं? व्हिजिटिंग अवर्समध्ये?"

तुमचे बाबा म्हणाले, "बाबा, तसं नाही हो," पण ते तसंच होतं. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली. मी काही चुकले तर ती चूक तिकडे समुद्रापार जाणार, आणि आम्ही दोघं दोन मजल्यांवर राहणार. माझं सगळं काम मी त्यानंतर हे डोक्यात ठेवून केलं.

जाण्याआधी तुमच्या बाबांनी आणखी एक गोष्ट केली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडाप्प्याची पट्टी आहे, उंबऱ्यासारखी. रोबोची चाकं तिला अडत होती. सुताराला बोलावून त्याने तिथे दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवून घेतला. मग रोबो स्वयंपाकघरात येऊ लागला. मी ओट्याशी उभी असले की माझ्या मागे, दोन हातांवर.

सुरुवातीला त्याचा फायदाच झाला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मटार सोलायला बसले आणि तो येऊन बघू लागला की माझे हात भराभर चालायचे. आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरायला मला अर्धा तास लागायचा, तो दहा मिनिटांवर आला. कपड्यांच्या घड्या अशा पडायच्या की जणू दुकानातून आणले आहेत. आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशी मालवणकडच्या, जिभेने तिखट. त्यांचंही तसंच झालं. तो मोरीपाशी आला की त्यांच्या हाताखाली पातेली आरशासारखी चमकायची.

एकदा मी म्हटलं, "मावशी, आज कढई अगदी नव्यासारखी झाली हो."

"होतली नाय तर काय," त्या म्हणाल्या. "ह्यो मेलो सासूसारखो मागे उभो रवता. बोलना नाय, फक्त बगता. बोलणारी सासू परवडली." आणि त्याला म्हणाल्या, "काय रे, तुका काम नाय?"

"मी आपली मदत कशी करू शकतो?" तो म्हणाला.

"घास मगे दोन भांडी!"

पण आठवड्याभरात त्याच मावशींच्या हातून माझी काचेची बरणी फुटली. तिचं तोंड अरुंद, आतून धुताना हात तिरका घालावा लागतो. वीस वर्षं त्या ती बरणी धूत होत्या. काचा गोळा करताना त्या मला हळूच म्हणाल्या, "आजी, ह्येच्यार फडको घाला. माका भिती वाटता."

तेव्हा मला माझी टायपिंगची परीक्षा आठवली. मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. परीक्षेत सुपरवायझर मुलींच्या रांगांमधून फिरायचे आणि मध्येच एखादीच्या मागे येऊन उभे राहायचे. माझ्या मागे ते आले तेव्हा मी साधं पत्र टाइप करत होते. माझी बोटं अक्षरशः उडत होती. पत्र वेळेआधी संपलं. मग स्टेटमेंटचा कागद घेतला. उभ्या रकान्यांचा तक्ता, प्रत्येक रकान्याची जागा मोजून बसवायची. ते अजून मागेच होते. त्यांच्या बुटांचा आवाज नव्हता, फक्त श्वास होता. माझे रकाने तिसऱ्या ओळीतच सरकले. जे हाताला पाठ असतं ते कुणी बघत असलं की अधिक चांगलं होतं. जे डोक्याने जपून करावं लागतं त्याची वाट लागते. हे मला तेव्हाच कळलं होतं. पंचावन्न वर्षांनी ते माझ्या स्वयंपाकघरात परत येईल असं वाटलं नव्हतं.

संकष्टीला मोदकांना कळ्या पाडताना पारी फाटू लागली. इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं मी सकाळी दहाच्या आत सोडवत असे. तो शेजारी येऊन मान वर करून बसला की चार-चार शब्द अडायचे. कोड्याचं सोडा, मोदकाचंही सोडा. पण एक दिवस मी इंजेक्शन भरत होते आणि मागून गोड आवाज आला, "आपला हात थरथरत आहे."

मी म्हटलं, "नाही."

"मी नोंद केली आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन. "आई, हाताचं काय गं? डॉक्टरांना दाखवलंस का?" मी म्हटलं, थंडी होती. मार्च महिना होता, बाळांनो. मुलुंडमध्ये मार्चात कसली थंडी.

आता इंजेक्शनचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आजोबांना दोन प्रकारचं इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये द्यायचं असतं. एका बाटलीतलं पाण्यासारखं, ते लगेच काम करतं. दुसरीतलं दुधासारखं, ते सावकाश, तासन् तास. संध्याकाळी पाण्यासारखं सहा रेघा, दुधासारखं अठरा. आधी पाण्यासारखं ओढायचं, मग दुधासारखं. हल्ली यासाठी पेनं निघाली आहेत, डॉक्टरांनी सुचवलंही होतं. पण माझा हात बसलेला होता, आणि मला वाटत होतं की आपण बदल मागितला की तिकडे 'आईला जमत नाही' असं लिहिलं जाईल.

आमच्या घरात या कामाची एक रीत होती. ती ऑफिसातून आलेली. महत्त्वाचा कागद टाइप झाला की त्याचं 'कंपेअरिंग' व्हायचं. एकाने मूळ मसुदा घ्यायचा, दुसऱ्याने टाइप केलेला. टाइप केलेलं मोठ्याने वाचायचं, समोरच्याने मसुद्यावर बोट ठेवून तपासायचं, आणि बरोबर असेल तर म्हणायचं, "पुढे". "पुढे" ऐकल्याशिवाय दुसरी ओळ वाचायची नाही. तुमचे आजोबा टेंडरच्या विभागात होते. त्यांची टेंडरं माझ्याकडे यायची, आणि कंपेअरिंगला ते स्वतः बसायचे, दुसऱ्या कुणाला पाठवता येत असूनही. दोन वर्षं त्यांनी मला फक्त "पुढे" म्हटलं. तिसऱ्या वर्षी लग्नाचं विचारलं.

इंजेक्शन भरलं की मी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरायची आणि रेघांवरून वाचायची, "पाणी सहा." आजोबा खुर्चीतून म्हणायचे, "पुढे." मग दूध ओढून, "एकूण चोवीस." "पुढे." मग टोचायचं. अकरा वर्षांत दोनदा ते "थांब" म्हणाले होते. दोन्ही वेळा चूक माझी होती, आणि दोन्ही वेळा टोचण्याआधी पकडली गेली होती.

रोबो आल्यावर काय झालं? मी आकडे म्हटले की त्याच्या छातीवरचा दिवा हिरवा व्हायचा आणि तो म्हणायचा, "मी ऐकले. नोंद केली." आजोबांचं "पुढे" आणि त्याचं "मी ऐकले" एकमेकांवर आदळायचं. त्याला आजोबांचा शब्द कळायचा नाही. तो पुन्हा विचारायचा, "कृपया मात्रा पुन्हा सांगा." दोन-चार दिवस असं झाल्यावर आजोबा म्हणाले, "जाऊ दे गं. कंपेअरिंगला आता तो आहे. मी रिटायर." आणि मलाही, खोटं का सांगू, त्याच्यासमोर आमची ती पोरकट वाटावी अशी रीत करायची लाज वाटत होती. आमच्या रिपोर्टात तुमच्या बाबांना काय दिसेल? आई-बाबा ऑफिस-ऑफिस खेळतात?

मी हळूहळू आकडे सिरिंजवरून वाचायचे सोडून दिले. भरताना तो मागे आहे याकडे निम्मं लक्ष. भरून झालं की त्याच्याकडे वळून, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसे तोंडपाठ आकडे म्हणायची. हिरवा दिवा लागला की जीव भांड्यात पडायचा. तो काय तपासतो हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी इतकी व्यवस्थित बाई, प्रत्येक यंत्राचं पुस्तक वाचणारी. पण मला वाटत राहिलं की एवढे मोठे डोळे आहेत, म्हणजे तो सिरिंजकडे बघत असणार. तो फक्त माझं ऐकत होता.

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात. मावशी त्याच आठवड्यात गावाहून आल्या होत्या आणि त्यांनी पाडाचे आंबे आणले होते. सकाळीच पिकलेल्या चार आंब्यांचा रस काढून मी फ्रिजमध्ये ठेवला होता, शेजारच्यांना द्यायला. आजोबांना एक फोड चालते, तीही दुपारी.

दिवसभर उकडून निघालं होतं. मी दोन्ही बाटल्या ओट्यावर काढल्या. सिरिंज हातात घेतली, आणि मागे चाकांचा आवाज झाला. उतारावरून तो आत आला की एक 'टक्' व्हायचं. मी मनात म्हटलं, हात हलू द्यायचा नाही. सगळं लक्ष हातावर ठेवलं. हात खरोखरच हलला नाही. दगडासारखा स्थिर हात ठेवून मी पाण्यासारखं इन्सुलिन अठरा रेघा ओढलं आणि दुधासारखं सहा.

वळून म्हटलं, "पाणी सहा, दूध अठरा."

हिरवा दिवा. "मी ऐकले. नोंद केली."

आजोबांनी बनियन वर केला, मी पोटात टोचलं. रोजच्यासारखं. सुई काढली, डब्यात टाकली. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला उचलल्या आणि पाण्यासारख्या औषधाची बाटली जरा कमी भरलेली वाटली. कालच उघडली होती. मी ती दिव्याकडे धरली. पातळी जिथे हवी होती त्याच्या किंचित खाली होती. त्याच क्षणी मला आठवलं की सिरिंजमधलं औषध आज पांढरं नव्हतं. ताकाच्या निवळीसारखं होतं. टोचताना ते मला दिसलं होतं. दिसलं होतं, पण दिवा हिरवा होता.

ओट्याच्या वर घड्याळ आहे. सात बत्तीस झाले होते.

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शिकवलं होतं: चूक झाली तर आधी साखर द्या आणि मग मला फोन करा. फोन माझ्यासमोर, साखरेचा डबा हाताशी. आणि मी वळले तर तो मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं असतं तर ते त्याने ऐकलं असतं. रात्री नऊला रोजचा रिपोर्ट जातो, त्यात ते तिकडे गेलं असतं. मला तळमजला आणि वरचा मजला डोळ्यासमोर दिसले. तुमच्या आजोबांचा पलंग तिथे एकटा दिसला.

म्हणून मी गप्प राहून निस्तरायचं ठरवलं. फ्रिजमधून आमरसाचं पातेलं काढलं. मोठी वाटी भरली, वर दोन चमचे साखर घातली, आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवली.

"हे घ्या आधी."

त्यांनी वास घेतला. "आंबा? आज काय माझा वाढदिवस?"

"घ्या हो."

"अगं, संध्याकाळचा आंबा? आणि तो बघ ना." त्यांनी रोबोच्या दिशेने हनुवटी केली. "लगेच लिहील. आजोबांनी वाटीभर रस हाणला. पोरगा ओरडेल."

"नाही ओरडणार. खा."

"तुला काय झालंय आज? अकरा वर्षं फोडी मोजून देतेस." त्यांनी वाटी बाजूला सारली. ते हसत होते. "मी नापास होणार नाही त्याच्या परीक्षेत. कर्जतला जायचं नाहीये मला."

मी साखर पाण्यात विरघळवून आणली. तेही त्यांनी घेतलं नाही. "सरबत? जेवायच्या आधी?" मी पोळी वाढली, ती ते सावकाश, एकेक घास चावून खाऊ लागले, कारण सावकाश खाल्लं की रोबो "छान" म्हणतो. त्यांच्या कपाळावर घाम होता. मे महिन्याचा की आतला, मला कळेना. मी पदराने पुसला. परत आला. माझ्या कानात घड्याळ वाजत होतं. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, रोबो आमच्या दोघांच्या मागे, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. एक शब्द उच्चारायला मी घाबरत होते, आणि समोर माझा माणूस माझ्यासाठीच आंबा नाकारत होता.

सात एकोणचाळीसला मी म्हटलं, "चुकलं माझं. उलटं दिलं. पाणी अठरा दिलं."

आजोबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी वाटी चाचपून ओढली आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावली.

मागून आवाज आला, "मी ऐकले. नोंद केली. आपल्या मुलाला कळवू का?"

"कळव," मी म्हटलं. "आणखी कुणाला कळवायचं असेल त्यालाही कळव."

डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोड देत राहा, आणि ताबडतोब घेऊन या." वॉचमनने रिक्षा थांबवली. आम्ही दाराबाहेर पडत होतो तर रोबो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आपण बाहेर जात आहात. बाहेर उष्णता आहे. पाणी सोबत घ्या."

रिक्षात आजोबांचा हात गार पडला. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळून अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, टेंडर पाचच्या आत जायला हवं. कंपेअर झालं का?" मी म्हटलं, झालं. "मग सही कुणाची?" ते विचारत राहिले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही, मनगट मोडलं तेव्हाही नाही, बाळंतपणातही नाही. नर्सिंग होममध्ये त्यांना ग्लुकोज लावलं. सकाळी त्यांनी डोळे उघडून चहा मागितला, बिनसाखरेचा.

तुमच्या बाबांचा फोन मी नर्सिंग होमच्या बाकावरूनच घेतला. डोस उलटा झाला हे मी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो रडत होता. म्हणाला, "आई, तुला लगेच लक्षात आलं म्हणून बरं. दुसऱ्या कुणाला आलंही नसतं."

लगेच. त्याच्याकडच्या रिपोर्टात दोन ओळी होत्या. सात बत्तीसला मात्रा बरोबर. सात एकोणचाळीसला चूक कळवली. दोन्ही त्याने ऐकल्या तशाच. मधली सात मिनिटं त्यात नव्हती. मी म्हटलं, "हो रे," आणि फोन ठेवला.

सात मिनिटांनी फरक पडला का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. त्यांनी "नाही" म्हटलं असतं तर मला ते सोयीचं झालं असतं.

आता आम्ही पेनं वापरतो. दोन पेनं, दोन रंगांची, आकडा खिडकीत दिसतो. मी तो खिडकीतूनच वाचते, तोंडपाठ म्हणत नाही. आजोबा "पुढे" म्हणतात. गेल्या आठवड्यात मी त्याच सुताराला बोलावून दारातला उतार काढून घेतला. तुमच्या बाबांना आधी कळवलं. तो "बरं" म्हणाला. आता रोबो दाराशी येतो, कडाप्प्याला चाकं लागतात, तो थोडा मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा अडतो. मग तिथेच उभा राहून बघतो. मावशी त्याला म्हणतात, "रव थंयच." त्याला घरातून काढायचं माझ्या मनात नाही. त्या संध्याकाळी त्यानेच तुमच्या बाबांना कळवलं, आणि आजोबांना त्याच्याशी पुण्याच्या मराठीत भांडायला आवडतं. पण ओट्याशी असताना माझी पाठ अजून आखडते. तो दारात आहे हे मला न बघता कळतं.

सहा महिने पुढच्या महिन्यात पूर्ण होतील. तुमचे बाबा काय ठरवतील ते मला माहीत नाही. ठरवण्याआधी त्याच्यासमोर सगळे कागद असावेत, एवढंच मला वाटतं. रिपोर्टात नसलेलाही.

हे पाठवण्याआधी मी आजोबांना वाचून दाखवलं. महत्त्वाचा कागद कंपेअर न करता पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. मसुदा नव्हता, पण ते म्हणाले, त्या दिवसापुरता मसुदा माझ्या डोक्यात आहे, तू वाच. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. प्रत्येक परिच्छेदाला ते "पुढे" म्हणत गेले. मोदकांपाशी हसले. लग्नाचं आलं तिथे म्हणाले, "दोन नाही, अडीच वर्षं." मी दुरुस्त केलं नाही; दोनच होती.

मग सात मिनिटं आली. मी वाचली. गप्प राहून निस्तरायचं ठरवलं, हे वाक्य मी हळू वाचलं पण गाळलं नाही. आंब्याची वाटी त्यांना आठवत होती, पण मी भिऊन गप्प बसले होते हे माहीत नव्हतं. इतके दिवस त्यांनाही तेच वाटत होतं जे तुमच्या बाबांना वाटतं. परिच्छेद संपला आणि मी थांबले. त्यांचे डोळे खिडकीकडे होते, जिथे त्यांना फक्त उजेड दिसतो. फ्रिजची मोटर सुरू झाली आणि बंद झाली. मी कागद खाली ठेवणार होते.

त्यांनी हात पुढे करून टेबलावर माझं बोट शोधलं, कागदावर जिथे मी ठेवलं होतं तिथे, आणि आपलं बोट त्याच्या शेजारी ठेवलं.

"पुढे," ते म्हणाले.